संत्र्याच्या बगीच्यात फळमाशीचे सापळे: तीन महिने वापरून

वरूड तालुक्यात आमचा दोन एकर संत्रा आहे, आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा. मागच्या वर्षी रंग धरता धरता फळं गळाली, फोडून पाह्यलं तं आत फळमाशीच्या पांढऱ्या अळ्या, व्यापारी बगीचा पाहून तसाच परत गेला. म्हणून यंदा पोळ्याच्या आधीच सापळे आणले, एकरी दहा.

सुरुवातच बिघडली. सापळा म्हणजे डबा, अन् त्यात माशीले वासानं ओढणारी गोळी. दुकानदारानं दिलेली गोळी निघाली क्यू ल्यूर, म्हणजे काकडी-कारल्याच्या माशीची. आठ दिवस डबे रिकामे, मी समजलो यंदा माशीच नाही. कृषी सहायक मॅडमनं पाकीट पाह्यलं तेव्हा कळलं का संत्र्यावरच्या माशीले मिथाईल युजेनॉल लागते. पाकिटावरचं नाव वाचूनच घ्या भाऊ. गोळी बदलली अन् दुसऱ्या दिवशी डब्याच्या तळाशी माश्यांचा थर!

पण थर पाहून निर्धास्त होऊ नका, ते सगळे नर असतात. अंडी घालते मादी अन् ती या वासाले येतच नाही. नर कमी झाले का पुढची पैदास कमी होते, एवढंच. शेजारच्या बगीच्यातून मादी उडून आली तं सापळा काय करणार? आमच्या धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, दोन ओळीत गळ शेवटपर्यंत राह्यली. अळी गळलेल्या फळातून निघून मातीत कोष करते, म्हणून दर दोन-तीन दिवसाले फळं वेचून दोन फूट खोल गाडली. हे काम जवळपास आईनं एकटीनं केलं, अन् माझ्या मते निम्मा फायदा त्याचाच आहे.

मुंग्या मेलेल्या माश्या नेतात, डबा टांगायच्या तारेले ग्रीस लावा. गोळीचा वास महिना-दीड महिन्यात उतरते, बदलावी लागते.

अजून एक, रात्री रस शोषणारा पतंग वेगळा. त्याच्या छिद्राजवळ फळ दाबलं का रसाची चिळकांडी उडते. त्याले हा सापळा काहीच करत नाही. त्याच्या अळ्या गुळवेल-वासनवेलीवर वाढतात, त्या वेली धुऱ्यावरून काढल्या अन् संध्याकाळी धूर केला.

यंदा नासकी फळं बरीच कमी निघाली, व्यापाऱ्यानं बगीचा घेतला. धुऱ्यापलीकडचे काका पुढच्या आंबियाले सापळे लावाले तयार झाले, त्यांची गोळी मीच पाहून आणणार आहे.