मोटर उघडलीच नव्हती, बिल मात्र रिवाइंडिंगचं

बाबांचा गॅरार्ड एसपी २५ रेकॉर्ड प्लेअर माळ्यावरून काढून लावला, तर गाणं रेंगाळत होतं. नाशिकच्या शालिमार भागातला एक दुरुस्तीवाला घरी येऊन तो घेऊन गेला. "मोटर जळत आलीय, रिवाइंडिंग करावं लागेल, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळावी लागेल," म्हणाला आणि ६,५०० रुपये घेतले. परत आला तेव्हा गाणं सुरात वाजलं, म्हणून मीही खोलात गेलो नाही.

आवाज मात्र खटकत होता. पूर्वीपेक्षा मोठा, फाटका. "सुई नवी आहे, वाजून वाजून मऊ होईल," असं फोनवर उत्तर मिळालं. आठवड्याभरात वेगही पुन्हा पडला.

पंचवटीतल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिक काकांकडे नेला. त्यांनी थाळी उचलली आणि मोटरच्या स्क्रूवर बोट ठेवलं. कारखान्यातला लाल लाखेचा ठिपका जसाच्या तसा, म्हणजे मोटर उघडलीच नव्हती! आयडलरच्या रबरी चाकाला मात्र तेल माखलेलं. हे चाक मोटरच्या पुलीला आणि थाळीच्या आतल्या कडेला घासून थाळी फिरवतं. त्याला तेल लागलं की ते घसरणारच. काकांनी रबर स्पिरिटने पुसलं, वाळलेलं ग्रीस खरवडून बेअरिंगला थेंबभर तेल दिलं. मग थाळीवर १८० रेघांची स्ट्रोब चकती ठेवून चोकवाली ट्यूबलाइट लावली. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ३३⅓ चा वेग बरोबर असला की त्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. तशा दिसल्या. मजुरी ४०० रुपये.

खरा घाव पुढे होता. बाबांचं शुअर एम ४४-७ हे मॅग्नेटिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, आवाज उचलणारा भाग) गायब. त्या जागी स्वस्तातलं सिरॅमिक आणि वर चिकटपट्टीने लावलेलं एक रुपयाचं नाणं. मॅग्नेटिक कार्ट्रिज काही मिलिव्होल्टच देतं, सिरॅमिक त्याच्या कितीतरी पट. ॲम्प्लिफायरच्या मॅग्नेटिकसाठी असलेल्या फोनो इनपुटला ते झेपत नाही, म्हणून आवाज फाटत होता. शुअरच्या सुईवर दीड ते तीन ग्रॅम भार पुरतो. इथे नुसतं नाणंच पावणेचार ग्रॅमचं. बाबांची नाट्यगीतांची तबकडी मी रोज सकाळी लावत होतो. उजेडात तिरकी धरली, तर पहिल्या गाण्याच्या खाचा करड्या पडलेल्या. ते गाणं गेलं. शुअरनेही २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलंय.

दुरुस्तीवाल्याला जाब विचारला, तर "हेच होतं" म्हणाला. माझ्याकडे ना फोटो, ना पावतीवर कार्ट्रिजचं नाव. मशीन देण्याआधी हेडशेलचा, म्हणजे कार्ट्रिज बसतं त्या टोकाचा, फोटो काढा, कार्ट्रिज काढून घरीच ठेवा. वेग दुरुस्त करायला ते लागत नाही. रिवाइंडिंग केलं म्हणाला तर जुनी तार मागा. परवाच गंगापूर रोडवरच्या एका ओळखीच्या घरातून त्याने आणखी एक प्लेअर नेलाय, म्हणून हे आजच लिहितोय.