प्रेअरीवरच्या श्रद्धाप्रेमकथा आणि चुलीतले सरपण : आठ महिन्यांच्या वाचनानंतर

प्रेअरीवरच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यातल्या गवताळ माळरानावरच्या, ख्रिस्ती श्रद्धेच्या प्रेमकथांचा एक जुना संच मी विकत घेतला. त्यातील तिसऱ्या पुस्तकाच्या १७६ व्या पानावर अमेरिकेतल्या नेब्रास्कात बर्फ पडू लागतो, नायिकेचा नवरा दोन दिवसांच्या वाटेवरच्या गावी पीठ आणायला गेलेला असतो, आणि त्यापुढचे पान थेट १९३ आहे. मधला सोळा पानांचा अख्खा फर्मा बांधणीतच राहून गेला आहे. १९३ व्या पानावर नवरा परत आलेला आहे, बाई जिवंत आहे आणि तिचे दोन्ही हात फडक्यांत गुंडाळलेले आहेत. ते हात कशाने सोलले, हे मला चार महिने कळले नाही. विक्रेत्याला मी तीन पत्रे लिहिली आणि दोनदा फोन केला. जुनी पुस्तके परत घेतली जात नाहीत, पुढच्या खरेदीत पन्नास रुपये वजा करू, एवढेच उत्तर मिळाले. सहा पुस्तकांच्या संचाला मी १,४०० रुपये मोजले होते, म्हणजे एका पुस्तकाला २३३ रुपये पडले, आणि ज्या पानांसाठी ते पुस्तक वाचायचे तीच पाने त्यात नव्हती. हा अनुभव लिहायला मी बसले ती त्या रागातून. लिहिता लिहिता मत थोडे बदलले आहे, तेही खाली सांगते.

या प्रकारच्या कादंबऱ्यांचा साचा वाचकांना ठाऊकच असतो: पश्चिमेकडे निघालेली गाडी, वाटेत आलेले वैधव्य, हिवाळ्याआधी घाईने आणि केवळ सोयीसाठी केलेले लग्न, आणि मग हळूहळू उमलणारी माया व श्रद्धा. कॅनेडियन लेखिका जॅनेट ओक यांची पहिली कादंबरी १९७९ साली आली आणि तिच्यापासून या प्रकाराची आजची घडी बसली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. माझ्याकडचा संच त्याच परंपरेतला आहे. पहिले पुस्तक मी आठवड्याभरात संपवले. भाषा सोपी आहे, शिवीगाळ नाही, आणि माणसे एकमेकांशी अदबीने वागतात, हे मला मनापासून आवडले.

खटकले ते सरपण. पहिल्या पुस्तकात नायक रोज सकाळी घराबाहेर ओंडके फोडतो. घर मात्र लाकडाचे नाही. नांगराने काढलेल्या गवताळ मातीच्या ढेपा एकावर एक रचून ते बांधलेले आहे, आणि आसपास झाडच नाही म्हणून ते तसे बांधावे लागले, असे लेखिकेनेच दुसऱ्या प्रकरणात सांगितले आहे. मग हे ओंडके आले कुठून? आमच्या लातूरकडच्या घरी आजीचा अर्धा दिवस या एकाच प्रश्नात जात असे. थापलेल्या गोवऱ्या वेगळ्या, आणि माळावर गुरे चरून गेल्यावर उन्हात आपोआप वाळलेल्या रानगोवऱ्या वेगळ्या. रानगोवरी हलकी असते, चटकन पेटते आणि तितक्याच लवकर राख होते, म्हणून दूध आटवायला ती आजी कधीच वापरत नसे. ज्या घरात सरपणाचा हिशेब ऐकत मी वाढले, त्या घरातल्या माणसाला कुठल्याही गोष्टीतली चूल आपोआप पेटलेली चालत नाही.

प्रेअरीवर हेच जळत होते. कॉटनवूडसारखी झाडे होती ती नदी-ओढ्यांच्या काठी, आणि पहिल्या काही वर्षांतच ती तोडली गेली. उरलेल्या उघड्या माळावर लोक रानगव्यांच्या वाळलेल्या शेणाचे तुकडे गोळा करत, म्हणजे आपल्या रानगोवऱ्याच. पूर्वेकडून आलेल्या बायका आधी हातमोजे घालून ते उचलत, आणि काही आठवड्यांनी उघड्या हाताने तेच उचलून, हात झटकून कणीक मळायला बसत. पुढे १८७० च्या दशकात रानगव्यांचे कळप बेसुमार मारले गेले आणि हे सरपणही संपत गेले; मग गुरांचे शेण, दाणे काढलेली मक्याची बुरकुंडे, सूर्यफुलाची वाळकी खोडे आणि पीळ घालून गाठी मारलेले वाळके गवत यांवर भागवावे लागले. १८७२ साली वृक्षारोपणाचा दिवस याच नेब्रास्कात सुरू झाला. दुसऱ्याच वर्षी सरकारने झाडे लावणाऱ्याला १६० एकर जमीन देण्याचा कायदा केला. अशा मुलखातील नायक रोज ओंडके फोडतो, हे वाचून मला पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले, आणि दुसऱ्या पुस्तकात पुन्हा तेच आल्यावर मी ते खरोखर तीन आठवडे मिटून ठेवले.

या काळात सोयीच्या लग्नाबद्दलही माझे मत प्रतिकूल होते. अनोळखी माणसाशी आठवड्याभरात लग्न ही कथानक पुढे ढकलण्याची युक्ती आहे असे मी धरून चालले होते. विधवेचे दुःख आणि ख्रिस्ती श्रद्धा यांची गाठ आपल्याला नवी नाही. बाबा पदमनजी यांच्या १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटन’पासून मराठी कादंबरीची सुरुवात झाली, ती त्याच विषयातून. पण या संचातल्या बाईला दुसरा मार्गच नव्हता, हे मला पटत नव्हते. लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केलेल्या होमस्टेड कायद्याने एकवीस वर्षांच्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या व्यक्तीला १६० एकर जमिनीसाठी अर्ज करता येत होता, आणि त्यात अविवाहित व विधवा बायकाही होत्या. शुल्क सगळे मिळून १८ डॉलर होते. पाच वर्षे तिथे राहून जमीन कसली की ती नावावर होत असे. विवाहितेला मात्र सहसा स्वतंत्र अर्ज करता येत नसे, कारण कुटुंबप्रमुख नवरा. म्हणजे आपल्या नायिकेला वैधव्याने जो हक्क दिला होता, तो लग्नाने जात होता, आणि लेखिका याचा उच्चारही करत नाही.

पुढे वाचताना हे मत मी अर्धे मागे घेतले. कायदा जमीन देत होता. बैल, नांगर, बी आणि सरपण देत नव्हता. ऑक्टोबरात एकटी राहिलेली बाई एप्रिलपर्यंत पुरेल एवढे जळण कुठून गोळा करणार, हा प्रश्न समोर ठेवला की ते घाईचे लग्न मला खरे वाटू लागले. लेखिकेने सरपणाचा हिशेब मांडला असता, तर तिच्या कथानकाची सर्वांत कच्ची जागा आपोआप पक्की झाली असती. ओंडके फोडणारा नायक दाखवून तिने स्वतःचेच नुकसान करून घेतले आहे.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. या पुस्तकांत जमीन रिकामी असते. होमस्टेड कायद्याखालील पहिला दावा मानली जाते ती डॅनियल फ्रीमन यांची जमीन नेब्रास्कातील बिअट्रिस गावाजवळ आहे. त्याच गेज काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ओटो-मिझूरिया या मूळ रहिवासी लोकांची राखीव भूमी होती, आणि १८८० च्या दशकाच्या आरंभी त्यांना तेथून दक्षिणेकडे हलवण्यात आले. सहा पुस्तकांत मूळ रहिवासी दोनदा दाराशी येतात, पाव मागतात आणि निघून जातात. दयेवर आणि शेजारधर्मावर प्रकरणेच्या प्रकरणे लिहिणाऱ्या लेखिकेला हे शेजारी दिसू नयेत, याचे मला दुःख झाले.

गहाळ फर्म्याचे पुढे असे झाले की अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाचीला तिच्या गावच्या वाचनालयात तेच पुस्तक मिळाले, आणि तिने १७७ ते १९२ ही पाने फोनवर वाचून दाखवली. मी ती वहीत लिहून घेतली. प्रसंग १८७४ च्या हिवाळ्यातला आहे. त्या उन्हाळ्यात रॉकी पर्वताकडून आलेल्या टोळांनी उभे पीक खाल्ले. पीकच नाही म्हणून बुरकुंडेही नाहीत, गवे आधीच दुर्मीळ झालेले, आणि घरात उरले आहे ते ओढ्याकाठचे कापून ठेवलेले जाड गवत. बाई रात्रभर गवताला पीळ देते, मधोमध दुमडते, टोक आत खोवते आणि चुलीत घालते. एक गाठ जळून जायला लागणारा वेळ दुसरी गाठ वळण्याइतकाच असतो, त्यामुळे हात थांबवता येत नाही. गवताच्या कडेने तळवे कापले जातात. ती बायबलमधले तेविसावे स्तोत्र म्हणते आणि प्रत्येक ओळीला एक पीळ पुरा करते. ओळ चुकली की हात चुकतो, म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. कडेला मूल झोपले आहे.

मी लिहिता लिहिता थांबले, कारण हे मी ऐकले होते. आजी पहाटे जात्यावर बसली की ओवी आणि जात्याचा फेरा एकत्र चाले. ओवी सरली की मूठभर जोंधळे आत पडत. तिला देव आठवे तो दळताना. तोवर या पुस्तकांतल्या प्रार्थना मी पाने उलटून टाळत होते, कारण त्या म्हटल्या की संकट दूर होई. या सोळा पानांत प्रार्थनेने वादळ थांबत नाही, तिने फक्त हात चालू राहतात. नवरा परत येतो, काही न बोलता तिच्या जागी बसतो आणि पहिली गाठ वळतो. ती नीट वळत नाही, सुटते, आणि बाई बांधलेल्या हातांनी त्याला टोक कसे खोवायचे ते दाखवते. साऱ्या संचात प्रेम मला इथे दिसले. ज्या लेखिकेला हे लिहिता येते तिने पहिल्या पुस्तकात ओंडके का फोडायला लावले, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

घ्यायचे असेल तर सगळा संच घेऊ नका. तिसरे आणि पाचवे, एवढी दोनच घ्या; पाचव्यात १२ जानेवारी १८८८ चे बर्फाचे वादळ आहे. सकाळ उबदार होती म्हणून मुले पातळ कपड्यांत शाळेत गेली आणि दुपारी परतीच्या वाटेवर वादळात सापडली, तो दिवस लेखिकेने घाई न करता लिहिला आहे. जुनी प्रत घेताना पैसे देण्याआधी पानांचे आकडे सोळा-सोळाने तपासा. कागद पिवळा पडला असला तरी अक्षर मोठे आहे आणि रात्री दिव्याखाली डोळ्यांना त्रास होत नाही.

माझ्या वहीची पाने मी आकाराने कापून १७६ आणि १९३ च्या मध्ये खळीने चिकटवली आहेत. पुस्तक आता नीट मिटत नाही, पण पूर्ण आहे. चौथ्या पुस्तकाच्या अकराव्या पानावर गावात रेल्वे आली असून बाई स्टेशनावरून पहिले कोळशाचे पोते घरी आणते आहे. ते बरोबर आहे, आणि मी पुढे वाचते आहे.