बांबूची चादर, आठ महिन्यांनंतर

मार्चमध्ये ऊन तापायला लागलं तेव्हा बांबूची एक डबल चादर, दोन टॉवेल आणि यांच्यासाठी तीन बनियन ऑनलाइन मागवले. किंमत सुती मालाच्या दुपटीवर. पाकिटावर हिरवं पान, 'निसर्गस्नेही', 'अँटिबॅक्टेरियल' वगैरे. आता नोव्हेंबर संपत आलाय.

चादर मस्त आहे, हे आधी सांगते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या घरात, त्यात लाइट गेली आणि कूलर बंद पडला की सुती चादर पाठीला चिकटते. ही चिकटत नाही, हाताला गार लागते. बनियन तर इतके मऊ की यांनी जुने सुती बनियन खुशाल पोछ्याला देऊन टाकले.

टॉवेलनं जुलैत रंग दाखवला. पाणी भरपूर पितो, पण मग वाळता वाळत नाही. झडीत दोन दिवस बाल्कनीच्या दोरीवर होता. तिसऱ्या दिवशी तोंड पुसायला घेतला तर कुबट वास! अँटिबॅक्टेरियल म्हणे. सासूबाईंनी काही न बोलता त्याचं पायपुसणं केलं. बनियनही दिवाळीपर्यंत खांद्यात ओघळले, काखेत धाग्याच्या बारीक गोळ्या धरल्या.

चादरीची शिवण उसवली म्हणून गांधीबागेत ओळखीच्या कापडवाल्या काकांकडे गेले. त्यांनी कडेचा एक दोरा ओढून माझ्या हातात दिला. ओढला तर बऱ्यापैकी चिवट. दुसरा दोरा त्यांनी पाण्यात बुडवून दिला, तो लगेच तुटला. "वहिनी, हे रेयॉन आहे. सुताचा दोरा ओला झाला की उलट मजबूत होतो."

घरी येऊन शिवणीतली चिंधीएवढी पट्टी मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाचली: '१०० टक्के व्हिस्कोस'. बांबू फक्त पाकिटावर!

व्हिस्कोस म्हणजे काय, तर काकांचं रेयॉनच: बांबूचा किंवा दुसऱ्या लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, कार्बन डायसल्फाइड मिसळून त्याचा मधासारखा घट्ट द्राव करायचा आणि तो बारीक छिद्रांतून गंधकाम्लात सोडून धागा काढायचा. एवढं झाल्यावर उरतो तो नुसता सेल्युलोज. मूळ बांबू होता की निलगिरी, धाग्याला काही पत्ता नसतो. कार्बन डायसल्फाइड कारखान्यातल्या कामगारांच्या मज्जासंस्थेला बाधतं, ते वेगळंच. बांबू कापला तरी पुन्हा फुटतो, त्याला पाणी-खत कमी लागतं, हे सगळं खरं, पण ते झाडाचं कौतुक झालं, माझ्या चादरीचं नाही. अमेरिकेत तर रेयॉनला 'बांबू' म्हणून विकल्याबद्दल २०२२ मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स या दोन दुकानसाखळ्यांना मिळून ५५ लाख डॉलर दंड भरावा लागला.

आणि मी वेडी समजत होते, आपल्या गडचिरोलीच्या बांबूला गिऱ्हाईक मिळतंय! तिथल्या मेंढा-लेखा गावानं स्वतःचा बांबू विकायचा हक्क २०११ मध्ये मिळवला, तेच डोक्यात होतं. बांबू कुठला याचा पट्टीवर उल्लेखच नाही. असा माल बहुतेक चीनमध्येच बनतो.

घ्यायचंच असेल तर पट्टीवर 'लायोसेल' लिहिलंय का ते बघा. तोही लगद्याचाच धागा, पण त्यात लगदा विरघळवायला वापरलेलं रसायन जवळजवळ सगळं परत काढून पुन्हा वापरतात. नुसता कुटून-पिंजून काढलेला बांबूचा धागाही असतो, पण तो तागासारखा खरबरीत आणि महाग. माझ्या चादरीसारखं गुळगुळीत काही दिसलं की समजून जा.

चादर पुढच्या उन्हाळ्यासाठी घडी करून ठेवलीय. टॉवेल सुतीच आणले, त्याच काकांकडून.