सात वेळा 'वाइप' केलेली हार्ड डिस्क आणि जागच्या जागी राहिलेले फोटो

"काकू, व्हायरस डिस्कच्या मुळापर्यंत गेलाय. साधं फॉरमॅट करून जाणार नाही. मिलिटरी ग्रेड वाइप करावं लागेल, सात वेळा." पुण्यात कुणी तुम्हाला असं सांगून पैसे मागत असेल, तर आधी हे वाचा. हे वाक्य माझ्या आत्याला ऐकवलं गेलं. ती कोथरूडला राहते आणि निवृत्तीनंतर काही सोसायट्यांचे हिशेब लिहिते. ब्राउझर उघडला की भलतंच सर्चचं पान यायचं, कोपऱ्यात सारख्या 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे' अशा सूचना यायच्या, म्हणून तिने लॅपटॉप दुकानात नेला होता. वाइपचे, म्हणजे डिस्क पूर्ण पुसण्याचे वेगळे, 'ओरिजिनल विंडोज'चे वेगळे आणि अँटिव्हायरसचे वेगळे पैसे घेतले. बिल मागितलं तर "जीएसटी लावला तर वाढेल" म्हणून कच्च्या कागदावर आकडा लिहून दिला.

दुपारी दिलेला लॅपटॉप दिवेलागणीला घरी आला. आत्या खूश होती, कारण त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागातले, म्हणजे डी ड्राइव्हवरचे, नातवंडांचे सगळे फोटो शाबूत होते. मला शंका आली ती तिथेच. सगळी डिस्क खरोखर पुसली असेल तर फोटो उरायला जागाच नाही. फोटो आधी काढून ठेवून परत टाकले असं दुकानदाराने नंतर सांगितलं. पण फाइल कॉपी केली की 'क्रिएटेड' ही तारीख सहसा कॉपी केल्याच्या दिवसाची होते, आणि इथे ती कित्येक वर्षांपूर्वीची होती. डी ड्राइव्हला कुणी हातही लावलेला नव्हता.

मग वेळेचा हिशेब मांडा. लॅपटॉपमध्ये १ टीबीची जुनी, फिरणारी हार्ड डिस्क आहे. अशी डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी लिहिते. म्हणजे एकदा पूर्ण पुसायला पावणेतीन तास, आणि सात वेळा पुसायला १९ तासांहून जास्त. दुपार ते संध्याकाळ एवढ्या वेळात हे होऊच शकत नाही. त्यांनी फक्त सी ड्राइव्ह क्विक फॉरमॅट केला होता. क्विक फॉरमॅटमध्ये पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली जाते, पानं तशीच राहतात. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून मी फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवला, तर सी ड्राइव्हमधून सोसायटीचे जुने हिशेब आणि सभासदांच्या आधार कार्डांचे स्कॅनही परत मिळाले.

मला सर्वात जास्त राग आला तो पुढच्या गोष्टीचा. सात वेळा पुसण्याची मुळात गरजच नव्हती. फिरणाऱ्या डिस्कवर एकदा शून्यं लिहिली की पुरतं, अमेरिकेच्या निस्ट या संस्थेची मार्गदर्शक सूचनाही तेच सांगते. मालवेअर, म्हणजे व्हायरससारखे घातक प्रोग्रॅम, घालवायला बहुतेक वेळा तेही लागत नाही. महत्त्वाचा डेटा बाजूला काढायचा, दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ८ जीबीचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह बनवायचा, सेटअपमध्ये त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन्स (सी, डी असे भाग) डिलीट करायची आणि रिकाम्या जागेत विंडोज टाकायचं. बाजूला काढलेल्या डेटात जुने सेटअप आणि क्रॅक (लायसन्स चुकवणाऱ्या फाइली) परत आणायचे नाहीत. पूर्ण पुसणं खरं कामाला येतं ते लॅपटॉप विकताना किंवा कुणाला देताना. तेव्हा विंडोजच्या डिस्कपार्ट या प्रोग्रॅममधली 'क्लीन ऑल' ही कमांड प्रत्येक सेक्टरवर शून्यं लिहिते. नुसती 'क्लीन' फक्त पार्टिशनची माहिती काढते.

एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली नवी डिस्क, असेल तर वरचा तासांचा हिशेब लावू नका. तिथे वरवर लिहून सगळे कोपरे पुसले जात नाहीत. कंपनीच्या टूलमधलं किंवा बायोसमधलं 'सिक्युअर इरेज' वापरावं लागतं, आणि ते काही मिनिटांतही होतं.

आत्याचा त्रास तर डिस्कमध्ये नव्हताच. क्रोममध्ये लॉगिन केल्याबरोबर खात्याच्या सिंकमधून तेच बोगस एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, परत आलं. ते काढून टाकलं आणि सूचनांच्या परवानग्या बंद केल्या, तेव्हा पानं बदलणं थांबलं.

त्या दुकानातून मात्र नवं संकट घरी आलं होतं. लॅपटॉपसोबत विंडोज होम आलेलं होतं. विंडोज ८ पासून अशा लॅपटॉपची की, म्हणजे लायसन्सचा कोड, मदरबोर्डमध्येच असते, तेच एडिशन परत टाकायला पैसे लागत नाहीत. यांनी प्रो हे वेगळं एडिशन टाकलं होतं, आणि अॅक्टिव्हेशनच्या पानावर ते 'संस्थेच्या अॅक्टिव्हेशन सर्व्हिस'मधून चालू असल्याचं दिसत होतं. घरगुती लॅपटॉपवर हे दिसलं की अॅक्टिव्हेटर (लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारा बेकायदा प्रोग्रॅम) वापरला असं जवळपास नक्की समजा. तो चालावा म्हणून डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसच्या एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे न तपासायच्या यादीत, अख्खा सी ड्राइव्ह घातला होता. म्हणजे त्या ड्राइव्हवर काहीही आलं तरी डिफेंडर तपासणार नाही, आणि त्याच लॅपटॉपवरून आत्या बँकेचे व्यवहार करत होती. आम्ही सगळे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले आणि लॅपटॉप वर लिहिलंय तसा पहिल्यापासून बसवला.

दुकानदार पैसे परत द्यायला तयार नाही. "काम झालंय, तुमच्याकडे बिल कुठंय?" एवढंच त्याचं उत्तर. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, आणि यूपीआयची नोंद पुरावा म्हणून दाखवता येते. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही.

टिळक रोडपासून उपनगरांपर्यंत पुण्यात प्रामाणिक दुरुस्तीवाले पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे गेलात तरी काम देण्याआधी बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: कोणती डिस्क, कोणत्या प्रोग्रॅमने पुसणार, आणि विंडोज कोणत्या लायसन्सचं. लॅपटॉप घेताना दुकानातच अॅक्टिव्हेशनचं पान आणि डिफेंडरची एक्सक्लूजन यादी उघडून पाहा, पैसे त्यानंतर द्या.