हातयाईच्या टपरीवरची ताजी क्रथोम पानं: पानाला ५ पैकी ४, बाटलीला शून्य

दक्षिण थायलंडमध्ये नोकरीला येऊन दोन वर्षं झाली, आणि हातयाईत रस्त्याच्या कडेला छत्री लावून क्रथोमची (इंग्रजीत kratom, तरतरीसाठी चघळतात त्या झाडाची) पानं विकणाऱ्या एका मावशींकडे मी नेहमी थांबतो. एमएस्सी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत केलंय, त्यामुळे रिव्ह्यू पण तसाच येणार.

आधी माल कसा ते सांगतो. पानं सकाळचीच तोडलेली, तळहातापेक्षा मोठी, चकचकीत, आणि शिरा लालसर. ओल्या फडक्याखाली झाकलेली असतात, मागितली की मावशी जुडी सोडतात आणि आपण विड्याच्या पानाची शीर काढतो ना अगदी तशी मधली जाड शीर सर्रकन ओढून टाकतात. मी पहिल्या दिवशी चवीपुरतं एक पान चघळलं, बापरे, काडेचिराईत परवडलं! हा कडूपणा म्हणजेच अल्कलॉईड, म्हणजे झाडं बनवतात ती शरीरावर परिणाम करणारी नायट्रोजनयुक्त रसायनं.

आता माझा आवडता भाग. हे झाड कॉफीच्या कुळातलं, आणि आपल्याकडे रानात कळंब म्हणून जो वृक्ष असतो तो याचाच सख्खा भाऊ, फक्त त्याच्या पानात वेगळी अल्कलॉईडं. क्रथोमच्या पानात ४० पेक्षा जास्त अल्कलॉईड सापडलीत, त्यात मुख्य मिट्राजायनिन. झाड ते बनवतं ट्रिप्टामिन आणि सेकोलोगॅनिन ही दोन रसायनं जोडून, आधी स्ट्रिक्टोसिडिन नावाचा रेणू तयार होतो आणि मग पुढचा प्रवास. आपली सर्पगंधा, सदाफुली, आणि सिंकोनाचं क्विनीन, सगळ्यांची वाट याच स्ट्रिक्टोसिडिनवरून जाते, मला हे दर वेळी थक्क करतं. मिट्राजायनिनचा रेणू मॉर्फिनसारखा दिसत नाही तरी बसतो मॉर्फिनच्याच रिसेप्टरवर (पेशीवरची जागा, जिथे औषध जाऊन चिकटतं), पण ती अर्धवट चालू करतो.

आणि सगळ्या झाडांत सारखं नसतं हां. थायलंडच्या पानांच्या तपासणीत एकूण अल्कलॉईडपैकी सुमारे ६६ टक्के मिट्राजायनिन निघालं होतं, मलेशियाच्या पानात जेमतेम १२. म्हणून कोणी "क्रथोम" एवढंच सांगून विकत असेल तर त्याने काहीच सांगितलेलं नसतं.

आता तक्रार. शहरातल्याच एका दुकानातून (नाव घेत नाही) मी क्रथोमच्या अर्काची छोटी बाटली आणली, लेबलवर फुलं पानं सगळं छापलेलं पण मिट्राजायनिन किती मिलिग्रॅम ते नाही, आणि ७-हायड्रॉक्सीमिट्राजायनिनचा तर उल्लेखच नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला स्ट्राँग आहे. अरे पण किती? हा ७-हायड्रॉक्सी ताज्या पानात जवळपास नसतोच, पान वाळताना हवेने थोडा तयार होतो आणि बाकी आपलं लिव्हर मिट्राजायनिनपासून बनवतं. गिनीपिगच्या आतड्यावरच्या प्रयोगात तो मॉर्फिनच्या १३ पट जोरदार निघाला, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०२५ च्या जुलैमध्ये त्यावर कडक नियंत्रण आणा अशी शिफारस केलीय. असला पदार्थ बाटलीत किती आहे हे न लिहिता विकणं मला अजिबात पटत नाही. मी ती उघडलीच नाही.

पान म्हणजे निर्धोक असंही नाही. रोज रोज खाल्लं तर सवय लागते, सोडताना अंग दुखतं, झोप उडते. आणि लिव्हरमधली जी एन्झाइमं बाकीची औषधं पचवतात त्यांच्या आड हे येतं, तेव्हा रोजच्या गोळ्या चालू असतील तर लांब राहा, झोपेच्या गोळ्या किंवा दारूसोबत तर नकोच नको. मावशींना याचं भान आहे, १८ खालच्या पोराला आणि गरोदर बाईला त्या पान देत नाहीत, कायदाही तसाच आहे. एक गुण कापला तो एवढ्यासाठी की झाड कुठल्या बागेतलं हे त्यांनाही सांगता येत नाही, माल मधला माणूस आणून टाकतो.

थायलंडमध्ये १९४३ पासून यावर बंदी होती, २०२१ च्या ऑगस्टमध्ये उठली. पण तास-दीड तासावर मलेशियाची हद्द आहे आणि तिकडे याला केतुम म्हणतात आणि तो विषविषयक कायद्याखाली येतो, सिंगापूरमध्येही बंदी आहे. तेव्हा हातयाईहून खाली जाणार असाल तर निघायच्या आधी बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटका, एक सुकलेलं पानही राहायला नको.