एका रात्रीत एकच झोंबीपट: 'रेक' की 'वन कट ऑफ द डेड'?

कमी बजेटचा एखादा परदेशी हॉरर सुचव म्हटलं की माझ्या तोंडी दोनच नावं येतात. स्पेनचा 'रेक' (२००७) आणि जपानचा 'वन कट ऑफ द डेड' (२०१७). दोन्हीत झोंबी आहेत, हातातला हलता कॅमेरा आहे, टीव्हीसाठी शूटिंग करणारी मंडळी आहेत. तरीही एकाच्या अपेक्षेने दुसरा लावलात तर हिरमोड ठरलेला.

निव्वळ घाबरायचं असेल तर फार विचार करू नका, 'रेक' लावा. रात्रपाळीच्या अग्निशमन जवानांवर कार्यक्रम करणारी वार्ताहर आन्हेला त्यांच्यासोबत बार्सिलोनातल्या एका जुन्या इमारतीत शिरते आणि थोड्याच वेळात बाहेरून इमारत सील होते. गोष्ट एवढीच. हाउमे बालागेरो आणि पाको प्लाझा या दिग्दर्शकद्वयीने पार्श्वसंगीत वापरलेलंच नाही. त्यामुळे आता काहीतरी होणार ही सूचना मिळत नाही. सगळे खाली उभे राहून वाद घालत असतात आणि जिन्याच्या मधल्या पोकळीतून एक जवान धाडकन फरशीवर येऊन आदळतो. आधी ना कट, ना सूर. कलाकारांना पूर्ण पटकथा दिलेलीच नव्हती, आणि ते त्यांच्या दचकण्यात दिसतं. आन्हेला झालेली मानुएला वेलास्को प्रत्यक्षातही टीव्हीवर निवेदन करायची, त्यामुळे तिचं माइक धरणं, पोलिसांशी हुज्जत घालणं कुठेच खोटं वाटत नाही. लांबी जेमतेम ७८ मिनिटं. वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या प्रसंगाबद्दल एक अक्षरही सांगणार नाही.

'वन कट'ची शिफारस करणं जास्त अवघड, कारण नीट सांगायला गेलं तर मजाच जाते. ओसाड इमारतीत एक टीम झोंबीपट शूट करतेय आणि तिथे खरे झोंबी येतात, इथवर सांगता येतं. पहिली ३७ मिनिटं सलग एकाच शॉटमध्ये आहेत आणि ती सरळ सांगायचं तर कच्ची आहेत. संवाद मध्येच अडखळतात, एखादं पात्र विनाकारण थांबून राहतं, कॅमेरा भलत्याच ठिकाणी रेंगाळतो. इथे अनेकजण बंद करतात. कृपा करून करू नका! त्या प्रत्येक अडखळण्याचा हिशेब पुढे चुकता होतो आणि तो होताना बघणं हा सिनेमा आवडणाऱ्या माणसासाठी निखळ आनंद आहे. दिग्दर्शक शिनइचिरो उएदा यांनी अभिनय कार्यशाळेतल्या अनोळखी कलाकारांना घेऊन हा सिनेमा साधारण ३० लाख येनमध्ये उभा केला आणि जपानमध्ये त्याने ३ अब्ज येनहून जास्त कमावले. मात्र यात भीती फारशी नाही. अंगावर काटा हवा असणाऱ्याला तो फसवणूक वाटू शकतो.

रक्तपाताचं म्हणाल तर दोन्हीत आहे. 'रेक'मधला सोसत नाही, 'वन कट'मधला सहज सोसतो. हलत्या कॅमेऱ्याने डोकं दुखत असेल तर 'रेक'चा शेवटचा भाग जड जाईल.

माझा कौल असा: एकट्याने, दिवे घालवून बघणार असाल तर 'रेक'. चारपाच सिनेमावेडे एकत्र बसणार असतील तर डोळे मिटून 'वन कट', कारण त्याचा उत्तरार्ध सोबत हसायला माणसं असली की दुप्पट रंगतो. दोन्ही मूळ भाषेत, सबटायटल लावूनच बघा. 'रेक'चा अमेरिकी रिमेक 'क्वारंटाइन' (२००८) आधी बघू नका, आणि त्याच्या पोस्टरकडे तर ढुंकूनही पाहू नका, त्यात शेवट उघडा पडलाय. 'वन कट'चा ट्रेलरही टाळा. पुढेमागे दोन्ही बघणार असाल तर 'रेक' आधी घ्या. हातातल्या कॅमेऱ्याचा हॉरर मुरलेल्या हातांनी कसा केला जातो हे एकदा पाहिलं की उएदांच्या टीमने त्या ३७ मिनिटांत काय काय निभावलंय ते जास्त कळतं.