केंद्रीय भूजल मंडळाचा 2012 चा अ‍ॅटलास: देशासाठी मस्त, गावासाठी नावं अपुरी

गावच्या पाण्याचा हिशोब मांडायचा म्हणून ‘अ‍ॅक्विफर सिस्टिम्स ऑफ इंडिया’ हा अ‍ॅटलास उघडला. आधी चांगलं सांगतो, देशभरातले पाणी धरणारे खडक 14 मुख्य आणि 42 उपगटांत बसवलेत, प्रत्येकाला कोड आहे, त्यामुळे गाळ कुठे, जांभा कुठे, बेसाल्ट (लाव्हाचा काळा खडक) कुठे हे पटकन कळतं. खरंच मोठं काम आहे.

पण महाराष्ट्रात आलं की अडतं. आपला 80 टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्ट, त्याचा कोड बीएस 01, म्हणजे आमचं गावही बीएस 01 आणि पार तिकडे बुलढाण्यातलं गावही बीएस 01! आता जमिनीखाली बघा, वर मुरूम, मग मांजऱ्या (भोकाभोकांचा, ठिपक्यांचा बेसाल्ट), मग पक्का काळा पाषाण, मधेच गेरूचा लाल पट्टा, त्याखाली परत भेगांचा खडक, आणि यातल्या एकदोन थरांतच पाणी. विहिरी खणणारी माणसं हे सगळं नावानिशी सांगतात, नकाशात त्यातलं एकही नाव नाही. मग वरच्या वस्तीतल्या बोअरने खालची विहीर आटली का, दोघांचा थर एकच का, हे ग्रामसभेत बोलायचं तरी कुठल्या नावाने?

आमच्याकडे ‘दोनशे फुटाचं पाणी’ म्हणतात, तेही फसवं. बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे, जमीन मात्र उताराची, त्यामुळे तोच थर डोंगराकडे 200 फुटांवर तर ओढ्याकडे 120 वर लागतो. अमेरिकेत बॅटन रूज शहरात पाण्याच्या थरांची नावंच ‘2,000 फुटी वाळू’ अशी आहेत, आणि थर दक्षिणेकडे कलत गेल्याने नाव आणि खोली जुळत नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने 1986 च्या नाव देण्याच्या सूचनांत अशी खोलीवरची नावं टाळा असंच म्हटलंय.

माझ्या मते कोड राहू द्या, पण त्याखाली गावाचं किंवा ओढ्याचं नाव, खडकाचा प्रकार आणि समुद्रसपाटीपासून उंची जोडा, आणि मांजऱ्या, गेरू हे शब्द नकाशात येऊ द्या. बेसाल्टमधे खडकाच्या आकारमानाच्या जेमतेम 1 ते 3 टक्के पाणी मिळतं हो, एवढ्याशा साठ्यावर भांडण होणारच, निदान कुठल्या थराचं ते तरी कळू दे.

5 पैकी साडेतीन स्टार. आम्ही आता प्रत्येक नव्या बोअरच्या वेळी बोअरच्या गाडीवाल्याजवळ उभं राहून वर येणारा खडकाचा चुरा कुठल्या फुटाला कसा बदलला ते वहीत लिहितोय, जमिनीची उंचीही सोबत.